मीटर खरं सांगतो का?

कुणी गटाची मीटिंग उरकून ऐकत असेल, कुणी चुलीपुढं बसून. भाकरी करपू देऊ नका, कान इकडं असला तरी चालेल.

रेडिओवरच्या ताईंनी मला सांगितलं, तुमच्या कामाबद्दल बोला. आता माझं काम असं आहे की नाव सांगितलं तर निम्म्या बाया रेडिओ बंद करतील. म्हणून आधी माझ्या माहेरच्या गटात काय झालं ते सांगते, मग कामाकडं येते.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. लग्न होऊन मुलुंडला गेले त्याला तीस वर्षांवर झाली. गावात माझ्या वहिनींचा बचत गट आहे, तो कांदा-लसूण मसाला करतो. दोनशे ग्रॅमची पाकिटं भरून तालुक्याच्या गावी दोन-तीन दुकानांत देतात. गेल्या दिवाळीच्या आधी एका दुकानदारानं पाकिटं परत पाठवली. म्हणाला, गिऱ्हाईक तक्रार करतंय, पाकिटात माल कमी आहे. त्यानं आपल्या काट्यावर टाकून दाखवलं, तर १८८ ग्रॅम. एक नाही, सगळीच तशी.

बारा ग्रॅम कमी. पाकिटं भरायचं काम एका काकूंकडं होतं. विधवा बाई, घरात कमावतं कुणी नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी बोलून गेलं, "पाकिटामागं बारा ग्रॅम, शंभर पाकिटांत सव्वा किलो झाला की. गेला कुठं?" नाव कुणी घेतलं नाही, पण काकूंना कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. मी भाऊबीजेला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वन्सं, माझा विश्वास बसत नाही. पण काट्यावर दोनशे दिसत होतं, आणि दुकानात एकशे अठ्ठ्याऐंशी. मग मधे कुणाचा तरी हात असणारच ना?"

मी विचारलं, "काटा तपासला का?"

वहिनी म्हणाल्या, "काटा कशाला तपासायचा? नवा आहे. इलेक्ट्रॉनिक आहे."

तर हेच माझं काम. मोजणारं यंत्र बरोबर मोजतं का, ते मी बघते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. सरकारी कागदावर अंशशोधन लिहिलेलं असतं, पण ते बोलताना मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मी हे कुठं शिकले? मुंबईत अंधेरीला सीप्झ म्हणून कारखान्यांची वसाहत आहे. सरकारनं १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तू परदेशी पाठवण्यासाठी ती सुरू केली. दागिन्यांचे कारखाने तिथं नंतर आले. बारीक जोडकामाला बाया लागायच्या, आणि आम्ही उपनगरांतल्या कितीतरी जणी तिथं लागलो. मी मुलुंडहून पवईमार्गे बसनं जायचे. पहिली चार वर्षं नुसतं सोल्डरिंग केलं. मग टेस्टिंगला घेतलं. तिथं पहिल्यांदा बघितलं की प्रत्येक मीटरवर एक चिकटपट्टी असते: कधी तपासला, पुढं कधी तपासायचा. तारीख उलटून गेलेला मीटर कुणी हातात घेतला तर सुपरवायझर ओरडायचा. मला तेव्हा वाटायचं, काय सोवळं-ओवळं चाललंय यांचं! मीटर चालतोय, आकडे दाखवतोय, मग अडचण काय?

अडचण अशी की बिघडलेला मिक्सर आवाज करतो, बिघडलेला नळ गळतो. बिघडलेला मीटर काहीच करत नाही. तो नेहमीसारखाच आकडा दाखवतो, आणि आपण तो लिहून घेतो.

कारखाना पुढं बंद झाला. घरी बसून काय करायचं? आमच्या भागातले वायरमन, मोबाईल दुरुस्तीवाले, लिफ्टची दुरुस्ती करणारी मुलं यांच्याकडं मीटर असतात आणि ते तपासायला मोठ्या प्रयोगशाळेत नेणं त्यांना परवडत नाही. मी घरातच एक टेबल मांडलं. स्वयंपाकघराला लागून, खिडकीखाली. सासूबाई त्याला "हिचं देवघर" म्हणायच्या. त्यात अर्धं कौतुक होतं, अर्धा राग, कारण त्या खिडकीत आधी त्यांची तुळस होती.

टेबलावर काय आहे ते सांगते. एक मोठा, टेबलावर ठेवायचा मीटर, जुना, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. मुंबईत इलेक्ट्रॉनिकचं काही हवं असलं की माणूस ग्रँट रोड स्टेशनला उतरून तिथंच जातो. एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बोटभर पट्टी आहे, तिच्यावर एडी ५८४ नावाची चिप. ती चार व्होल्टेज देते: अडीच, पाच, साडेसात आणि दहा. बॅटरी थोडी उतरली, हवा थोडी बदलली, तरी ती आपला आकडा फारसा सोडत नाही. आणि एका डबीत काही रेझिस्टर, शंभर ओहमपासून लाख ओहमपर्यंत, हजारात एकापेक्षा जास्त चूक नसलेले. एवढंच. बाकी वही, पेन आणि एक थर्मामीटर.

आता कुणी आपला मीटर घेऊन आला की मी काय करते? आधी उघडत नाही. पहिल्यांदा त्याची बॅटरी बघते. स्वस्तातल्या मीटरची बॅटरी उतरली की तो बंद पडत नाही, उलट पुष्कळदा आकडा चढवून दाखवतो. मग वायरी बघते, ज्यांना प्रोब म्हणतात. दोन्ही टोकं एकमेकांना लावली की ओहमचा आकडा शून्य यायला हवा. येतो ०.२ किंवा ०.३. तो वायरींचा स्वतःचा असतो. तो लक्षात ठेवून पुढच्या मापातून वजा करायचा, आपण तेल मोजताना भांड्याचं वजन वजा करतो तसा. टोकं लावलेली असताना वायर हलवून बघायची. आकडा नाचला तर वायर आतून तुटलेली आहे. बाहेरून काही दिसत नाही.

मग मीटर दहा व्होल्टच्या पट्टीवर लावते आणि दिसेल ते लिहिते. समजा त्यानं १०.०४ दाखवलं. चूक आहे का? इथं बरेच जण घाई करतात. त्या मीटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, शेकडा अर्धा आणि वर शेवटचे दोन अंक. दहा व्होल्टचा शेकडा अर्धा म्हणजे ०.०५. शेवटचे दोन अंक म्हणजे ०.०२. मिळून ०.०७. म्हणजे ९.९३ ते १०.०७ यांत कुठंही आकडा आला तर मीटर आपल्या शब्दाला जागला. १०.०४ ठीक. १०.३० आला तर नाही.

आणि ठीक असला तर मी त्याला हातही लावत नाही. आत एक बारीक पितळी स्क्रू असतो, तो फिरवला की आकडा बदलतो. मुलं येतात ती म्हणतात, "काकू, तो स्क्रू फिरवून बरोबर दहा करून द्या." मी नाही म्हणते. कॅलिब्रेशन म्हणजे फिरवणं नाही. खऱ्या मापाशी ताडून बघणं आणि किती फरक आहे ते लिहून ठेवणं, हे कॅलिब्रेशन. फिरवायचं ते फरक फार वाढला तर, आणि तेही फिरवण्याआधीचा आकडा वहीत लिहून. तो लिहिला नाही तर मागच्या सहा महिन्यांत त्या मीटरनं केलेल्या कामात किती चूक झाली, हे कुणालाच कधी कळणार नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की तुझी दहा व्होल्टची पट्टी तरी खरी कशावरून? तिच्यासोबत एक चिठ्ठी येते, आकडे लिहिलेली. ती कुणी लिहिली, कुठल्या मीटरवर बघून लिहिली, काही कळत नाही. मी ती चिठ्ठी मानत नाही. मी पट्टी माझ्या मोठ्या मीटरवर मोजते. आणि मोठा मीटर? तो वर्षातून एकदा बाहेर प्रयोगशाळेत जातो. चुनाभट्टीला केंद्र सरकारची एक संस्था आहे, आयडेमी म्हणतात तिला. विजेची मोजमापाची यंत्रं बनवणं आणि तपासणं यासाठी १९६९ साली काढलेली. अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळा मुंबईत आणखीही आहेत. मान्यता देणारं मंडळ म्हणजे एनएबीएल, त्याचं चिन्ह कागदावर असतं. त्या प्रयोगशाळेतली यंत्रं त्यांच्याहून अचूक यंत्रांशी ताडलेली असतात, आणि असं वर वर जात ही साखळी दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचते. देशाचं किलोचं मूळ वजनही तिथंच, प्लॅटिनम आणि इरिडियमचं, ५७ क्रमांकाचं. २० मे २०१९ पासून जगानं किलोची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर बसवली, पण तो ठोकळा अजून जपलेला आहे.

ही साखळी मला फार आवडते. माझ्या आजीच्या वेळी पायली न् अधोली एका गावची वेगळी, दुसऱ्या गावची वेगळी. आजी सांगायची, सावकार धान्य घेताना एक पायली वापरायचा आणि देताना दुसरी. आज मुलुंडच्या एका वायरमनच्या मीटरचा आकडा माझ्या टेबलावरून, चुनाभट्टीवरून दिल्लीपर्यंत पोचतो. मधली एक कडी तुटली तर मात्र त्याच्या पुढचं सगळं नुसतं ऐकीव.

मोठा मीटर प्रयोगशाळेतून परत येतो तेव्हा त्याच्यासोबत दोन-तीन पानांचा कागद असतो. आमच्या मुलांना वाटतं, त्यात फक्त "पास" लिहिलेलं असेल. तसं नसतं. आम्ही इतकं दिलं, मीटरनं इतकं दाखवलं, असे आकडे असतात, आणि शेवटच्या रकान्यात प्रयोगशाळेनं आपल्याच मापाबद्दल लिहिलेलं असतं की यात आमचीही इतकी इतकी शंका धरा. मला तो रकाना पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती. एवढी मोठी प्रयोगशाळा आणि स्वतःच्या चुकीचा अंदाज छापून देते!

मी स्वतः असा कागद देत नाही. देऊ शकत नाही. माझं टेबल मान्यताप्राप्त नाही. मी फक्त सांगते, तुझा मीटर अमुक तारखेला माझ्या मीटरपेक्षा इतका वेगळा दिसला. कारखान्याला, कोर्टाला, टेंडरला लागणारा कागद हवा असेल तर प्रयोगशाळेतच जावं लागतं.

घरात हे काम करायचं तर मुंबईच्या हवेशी भांडावं लागतं. मीटरच्या पुस्तिकेतले आकडे साधारण २३ अंश तापमानाला धरून दिलेले असतात. मुलुंडला मे महिन्यात कुठले २३ अंश? म्हणून माझी मोठी तपासणी जानेवारीत, पहाटे. आमचा पश्चिमेचा भाग डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथं जानेवारीत जरा गारवा असतो. मोठा मीटर तासभर आधी चालू करून ठेवायचा, पंखा बंद, आणि जोड हातानं धरायचे नाहीत, कारण बोटाच्या उबेनंसुद्धा जोडावर अगदी बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि शेवटचे अंक हलतात. पावसाळ्यात मोठ्या ओहमची मापं मी घेतच नाही. दमट हवेत पाटीवरच्या धुळीतून, हाताच्या घामातून वीज वाट काढते आणि आकडा खाली येतो. स्वयंपाकघराशेजारी टेबल असल्याचा तोटाही सांगते. फोडणीचा धूर. वर्षभरात सगळ्या बटणांवर तेलकट थर बसतो. पण दुसरी जागा नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, ही तुमच्या घरच्या मोटारीच्या पेटीची आहे. आमच्या शेजारचा एक वायरमन मुलगा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, एकदा उजव्या हाताला फडकं गुंडाळून आला. इमारतीच्या पाण्याच्या पंपाचं काम होतं. मेन स्विच बंद केला, मीटर लावून बघितला, शून्य. म्हणून हात घातला. स्विचचा एक फेज आत चिकटलेला होता, सुटला नव्हता. लाईन चालू होती. मीटर शून्य का दाखवत होता? प्रोबची वायर आतून तुटली होती. मी टोकं एकमेकांना लावून वायर हलवली आणि लगेच कळलं. दोन मिनिटांचं काम. बोटं भाजली, जीव वाचला, कारण पायात रबरी चपला होत्या आणि पकड सुटली.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवते आणि तुम्हालाही सांगते. लाईन बंद आहे का हे बघायचं असेल तर मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावायचा. तिथं २३० च्या आसपास दिसतंय ना, म्हणजे मीटर जिवंत आहे. मग ज्याच्यावर काम करायचं तिथं लावायचा. शून्य आलं, की पुन्हा एकदा चालू पॉइंटवर लावायचा. पुन्हा २३० दिसलं तरच मधलं शून्य खरं. शेतातल्या मोटारीला तीन फेज असतात, ४१५ व्होल्टची लाईन असते, तिथं प्रत्येक फेज असा बघायचा. तुम्ही स्वतः पेटी उघडू नका. पण वायरमन आला की शेजारी उभं राहून बघा, त्यानं तिसऱ्यांदा मीटर लावला का. नाही लावला तर सांगा. बाई मधे बोलते म्हणून त्याला राग येईल, येऊ द्या.

आता परत माहेरी.

भाऊबीजेला माझ्याकडं वजनं नव्हती. मुंबईहून पंधरा दिवसांनी पुन्हा आले, एसटीनं, पिशवीत वजनांची पेटी घेऊन. माझी वजनं पितळी आहेत, वैधमापन खात्याचा शिक्का मारलेली. कुणी म्हणेल, नाणी टाकून बघता आली असती की. नको. एक रुपयाचं २०११ नंतरचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, आणि २०१९ नंतरचं ३.०९ ग्रॅमचं. दोन्ही आज बाजारात एकत्रच फिरतात. झिजलेली वेगळीच. नाण्यावर भरवसा ठेवला तर चोराला सोडून संन्याशाला धरलं असं व्हायचं.

वहिनींच्या ओसरीवर काटा मांडला. गटाच्या आठ-दहा बाया जमल्या. काटा म्हणजे घरगुती, स्वयंपाकघरात वापरायचा, मोबाईलवरून मागवलेला. आधी तो सपाट जागी ठेवला, पंखा बंद केला, नवे सेल घातले. रिकाम्यावर शून्य दाखवत होता. छान. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मधोमध दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं.

२१३.

कुणी बोललं नाही. उचलून पुन्हा ठेवलं. २१३. पाच वेळा ठेवलं, पाच वेळा २१३. एक बाई म्हणाली, "सारखं सारखं तेच दाखवतोय म्हणजे काटा पक्का आहे की." हीच फसगत. सारखं दाखवणं वेगळं आणि खरं दाखवणं वेगळं. रोज दहा मिनिटं पुढं असणारं घड्याळसुद्धा रोज सारखंच पुढं असतं.

मग पाचशेचं वजन ठेवलं, ५३२ दाखवलं. एक किलोला १०६४. मी वहिनींना म्हटलं, भागाकार करा. प्रत्येक वेळी चूक त्याच प्रमाणात, शेकड्याला सहाच्या थोडी वर. काट्याच्या चार कोपऱ्यांवर वजन ठेवून बघितलं, तिथंही तेच. काटा पडून-आपटून वाकला असता तर कोपऱ्यांत वेगवेगळं आलं असतं. शून्यातच चूक असती तर सगळीकडं सारखेच ग्रॅम जास्त आले असते. प्रमाणात चूक आहे म्हणजे काट्याला कुणीतरी चुकीचा किलो शिकवला आहे.

मी विचारलं, "याचं सेटिंग कुणी केलं होतं का?" तेवढ्यात दारात उभा असलेला माझा भाचा, दहावीतला, हळूच मागं सरकायला लागला. बोलावलं. त्यानं सांगितलं, काटा आला तेव्हा त्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघितला. बटण दाबून धरलं की काटा म्हणतो, पाचशे ग्रॅम ठेवा. त्यानं गावातल्या किराणा दुकानातून आणलेला अर्धा किलो साखरेचा पुडा ठेवला. काट्यानं तो पाचशे मानला. बिचाऱ्यानं मदत म्हणूनच केलं होतं.

आता हिशेब बघा. तो पुडा भरला असणार ४७० ग्रॅमचा. दुकानदाराचा काटा कमी देत होता, की पुडी बांधताना सांडलं, ते मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. पण त्या कमी पुड्याला काटा पाचशे म्हणायला शिकला, आणि त्यानंतर खऱ्या १८८ ग्रॅमला दोनशे म्हणत राहिला. काकू रोज काट्यावर बरोबर दोनशे बघून पाकीट बंद करत होत्या.

वहिनींनी उठून गटाची वही आणली. त्या हुशार आहेत, पण त्या दिवशी स्वतःवरच चिडल्या. मसाला गिरणीवरून आला होता वीस किलो, गिरणीच्या मोठ्या काट्यावर मोजलेला. दोनशेच्या पाकिटांनी शंभर पाकिटं व्हायला हवी होती. वहीत लिहिलं होतं १०६. कुणाच्या अक्षरात? काकूंच्याच. सहा पाकिटं जास्त निघाली, ती त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली आणि पैसे जमा केले. आणि तेव्हा सगळ्या जणी म्हणाल्या होत्या, यंदा मसाल्याला बरकत आली. जास्त निघालं तेव्हा कुणी काट्याला विचारलं नाही. कमी भरलं तेव्हा मात्र माणसाला विचारलं.

मला खरं सांगायचं तर वाईट याचंच वाटलं. वहीत तिच्या खरेपणाचा पुरावा आधीपासून पडून होता.

काटा मी तिथंच माझ्या पाचशेच्या वजनानं सेट केला. लगेच दोनशेला २००, किलोला १०००. पण मी गटाला सांगितलं, हा काटा आता घरी केक करायला वापरा. विक्रीच्या मालासाठी घरगुती काटा कायद्यानं चालतच नाही. २००९ चा वैधमापन कायदा आहे, त्याप्रमाणे खरेदी-विक्रीच्या काट्यावर खात्याचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्याचं प्रमाणपत्र समोर लावावं लागतं. अशा काट्याचं सील आपण उघडायचं नाही, भाच्यानं तर मुळीच नाही. दुरुस्ती करायची तर परवाना असलेल्या माणसाकडूनच. हे नियम आपल्याला जाच वाटतात, पण तोच शिक्का तुम्ही सोयाबीन विकायला जाता तिथल्या काट्यावरही बघायचा असतो. बघता का? माझ्या वहिनींनी तोवर कधी बघितला नव्हता.

दुधाचं कुणी विचारेल म्हणून थोडं सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर वेळ पुरणार नाही. डेअरीत फॅट काढायचं मशीन असतं. ते आकडा दाखवतं ते थेट तूप मोजून नाही, त्याला आधी शिकवलेलं असतं त्यावरून. त्याला वरचेवर गर्बर पद्धतीशी, म्हणजे ॲसिड घालून नळीत फिरवून फॅट वेगळं काढतात त्या पद्धतीशी ताडून बघायला लागतं, आणि रोज नीट धुवायला लागतं. तुम्ही घरी एवढं करू शकता: एकच दूध चांगलं ढवळून दोन बाटल्यांत भरा आणि दोन वेगळ्या नावांवर लागोपाठ लावा. आकडे जवळ आले तर ठीक. खूप फरक आला तर भांडू नका, विचारा, मशीन शेवटचं कधी ताडून बघितलं, त्याची वही दाखवा. आणि आकडे जवळ आले म्हणजे मशीन खरंच आहे असंही नाही, २१३ विसरू नका.

थर्मामीटरचं सोपं आहे. बर्फ बारीक कुटून थोड्या पाण्यात कालवायचा, चांगलं ढवळायचं, पाच मिनिटांनी त्यात टोक बुडवायचं. शून्य अंश यायला हवं. दूध गार ठेवायचं थर्मामीटर असेल त्यासाठीच हे. तापाचं थर्मामीटर इतकं खाली दाखवतच नाही. उकळत्या पाण्यावर मात्र जाऊ नका. मुंबईत ते शंभरला उकळतं, घाटावर जसजसं उंच जाल तसं कमी अंशाला, साधारण तीनशे मीटर चढलं की एक अंश कमी.

काकूंचं राहिलं. वहिनी आणि आणखी दोघी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. मी गेले नाही, माझं तिथं काम नव्हतं. परत आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "चहा दिला. बोलल्या नाहीत काही." त्या गटात परत यायला महिना गेला. आल्या तेव्हा म्हणाल्या, पाकिटं मी भरणार नाही. मग काय करणार, असं विचारल्यावर म्हणाल्या, काटा सांभाळीन.

आता गटानं शिक्क्याचा काटा घेतला आहे आणि शिक्क्याचंच दोनशेचं एक वजन. ते फडक्यात गुंडाळून काकूंच्या पेटीत असतं, किल्ली त्यांच्याकडं. पाकिटं भरायच्या दिवशी काकू पहिल्यांदा वजन ठेवतात, आकडा आणि तारीख वहीत लिहितात, मग बाकीच्या बाया मसाल्याला हात लावतात. संध्याकाळी पाकिटं मोजून किती किलोत किती निघाली ते त्याच ओळीत पुढं.

गेल्या मंगळवारी सकाळी मला मुलुंडला फोन आला. काकूच होत्या. "ताई, आज वजन ठेवलं तर २०१ दाखवतोय. भरायला सुरुवात करू का थांबू?"

मी म्हटलं, "थांबा. आधी खालचं टेबल हलतंय का बघा."

हलत होतं. एका पायाखाली कुणीतरी पुठ्ठा घातला होता, तो सरकला होता.